जळजळ थांबल्यावर

नॉर्ब ग्लोडोव्स्कीच्या छातीतली जळजळ बावीस वर्षं टिकली आणि एका हिवाळ्यात आपोआप निघून गेली. इतकी निमूट गेली की महिनाभर त्याच्या लक्षातही आलं नाही. मग एकदा गाडी साफ करताना त्याला खडूसारख्या गोळ्यांची बाटली सापडली. झाकणावर धूळ साचली होती. त्या गोळ्या कधीकाळी सगळीकडे असायच्या: उशीखाली, जेवणाच्या डब्यात, कागद गिरणीतल्या लॉकरमध्ये, चर्चला जायच्या कोटाच्या खिशात. त्यांच्या चुऱ्यानं त्याच्या सगळ्या खिशांचे कोपरे पांढरे पडलेले असत. गिरणीची पाळी संपवून तो भलत्या वेळी घरी यायचा, पोटभर जेवायचा आणि आडवा झाला की आग वर यायची. शेवटची दहा वर्षं तर तो पलंगावर झोपलाच नव्हता. मागे कलणाऱ्या खुर्चीत, अर्धवट बसून झोपायचा.

आता तो पलंगावर झोपू लागला. याचं श्रेय त्यानं सफरचंदाच्या व्हिनेगरला दिलं. रोज सकाळी एक चमचा, कोमट पाण्यात. विस्कॉन्सिन नदीकाठच्या त्या छोट्या गावात ज्याच्या त्याच्या छातीत जळजळ होती, त्यामुळे नॉर्बला श्रोत्यांची वाण नव्हती. त्याचा पहिला शिष्य ऑगी, गिरणीत अडतीस वर्षं त्याच्याच मशीनवर काम केलेला आणि आता निवृत्तीनंतर त्याच्याच टेबलावर पत्ते खेळणारा. ऑगीनं व्हिनेगर सुरू केलं आणि सहा महिन्यांत त्याच्याही गोळ्या सुटल्या.

लोर्ना ही नॉर्बची एकुलती एक मुलगी. बाप बरा झाला म्हणून तिलाही बरं वाटलं होतं. तिनं त्याच्यासाठी व्हिनेगरच्या दोन मोठ्या बाटल्या आणल्या होत्या. पुढे तिला ही गोष्ट पुन्हा पुन्हा आठवायची.

लोर्ना गावातल्या हॉस्पिटलच्या तळघरात कॅन्सरच्या नोंदी ठेवायची. तिच्याकडे रोगी येत नसत, त्यांच्या फायली येत. कॅन्सर कुठे झाला, कोणत्या जातीच्या पेशींचा, कोणत्या तारखेला कळला, किती पसरला होता, हे सगळं वाचून ती ठरलेल्या रकान्यांत आकडे भरी आणि वर्षाअखेर राज्याच्या कचेरीकडे पाठवी. काम कंटाळवाणं होतं आणि तिला ते आवडायचं. एखादी तारीख जुळली नाही तर ती दोन दिवस मागे लागायची. हॉस्पिटलात म्हणत, लोर्नाच्या नोंदीत चूक सापडली तर चर्चची घंटा वाजवायला हरकत नाही.

जानेवारीत वर्षअखेरचा गोषवारा करताना तिला ते वाक्य दिसलं. दिसलं म्हणजे, ते तिनं अनेकदा वाचलं होतं. 'रुग्णाला पूर्वी अनेक वर्षं छातीत जळजळ. अलीकडे त्रास नाही.' डॉक्टर लोक ते रोग्याच्या इतिहासात लिहीत आणि पुढे जात. तीही पुढे जायची, कारण नोंदणीच्या तक्त्यात जळजळीला रकानाच नव्हता. त्या दिवशी मात्र कसल्यातरी कुतूहलानं तिनं मागच्या सहा वर्षांतले अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचे सगळे कॅन्सर काढले. एकोणीस निघाले. त्यातल्या अकरांच्या फायलीत ते वाक्य होतं, शब्द इकडचे तिकडे एवढंच.

ती जीवशास्त्राची पदवीधर होती. कारण तिला शोधावं लागलं नाही, फक्त आठवावं लागलं. वर उसळणाऱ्या आम्लाशी वर्षानुवर्षं झगडून अन्ननलिकेचं खालचं अस्तर कधीकधी आपली जात बदलतं, आतड्याच्या अस्तरासारखं होतं. या नव्या अस्तराला आम्ल फारसं झोंबत नाही. माणसाला वाटतं, बरं झालो. आणि क्वचित कधी, त्या नव्या अस्तरातच कॅन्सर उगवतो.

तिनं पिवळ्या चिठ्ठीवर 'अकरा' असा आकडा लिहिला, आणि मग तिला बापाच्या गाडीतली ती धूळ बसलेली बाटली आठवली.

खरं म्हणजे कॅन्सरच्या बाबतीत नॉर्बइतका सावध माणूस त्या गावात नव्हता. त्याचा बाप अठ्ठावन्नाव्या वर्षी अन्ननलिकेच्याच कॅन्सरनं गेला होता. दिवसाला दोन पाकिटं सिगारेट आणि संध्याकाळी ब्रँडी. शेवटी त्याच्या गळ्याखाली पाणीही उतरत नव्हतं. नॉर्ब तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. दफनाहून परत येताना त्यानं खिशातलं सिगारेटचं पाकीट कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि पुन्हा कधी सिगारेट ओढली नाही, ब्रँडीला शिवला नाही. गिरणीतले लोक त्याला 'फादर नॉर्ब' म्हणून चिडवायचे. सिगारेट सुटली तशी भूक लागली, सॉसेज आणि चीज यांनी तिची जागा घेतली, आणि चाळिशीपर्यंत कंबर अडतीसवरून शेहेचाळीसवर गेली. पण वजनानं कोणाचा बाप मेला नव्हता.

नोकरीच्या पहिल्या वर्षी लोर्नानं त्याला एक आलेख आणून दिला होता. त्याच्या बापाला झाला त्या जातीचा कॅन्सर, सिगारेट-दारूवाला, दरवर्षी घटत चाललेला. खाली खाली उतरत जाणारी निळी रेघ. "बघ डॅड, तू बरोबर होतास." नॉर्बनं तो गॅरेजच्या भिंतीवर चिकटवला होता. त्याच कागदावर एक तांबडी रेघही होती, वर चढणारी, निळीला मधेच छेदून पुढे गेलेली. "ती कोणाची?" त्यानं विचारलं होतं. "ती दुसऱ्या जातीच्या कॅन्सरची. खालच्या टोकाला होतो तो. वजन, आम्ल, असलं काहीतरी," ती म्हणाली होती. त्या दिवशी तिला त्याला खूश करायचं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये तळलेले मासे असत. नॉर्ब, ऑगी आणि लोर्ना यांचं टेबल खिडकीजवळचं, ठरलेलं. लोर्नानं तिथेच विषय काढला. ऑगी समोर असला तर बाप चिडणार नाही, असा तिचा हिशेब होता. तो चुकला, कारण ऑगी समोर असला की नॉर्बला प्रेक्षक मिळायचा.

"म्हणजे जळलं तरी मरण, नाही जळलं तरी मरण," नॉर्ब सगळं ऐकून म्हणाला. "मग बाई, तुमच्या तळघरात ठणठणीत माणूस ओळखतात तरी कसा?"

"ठणठणीत माणूस तळघरात जाईलच कशाला?" ऑगी म्हणाला.

"मी मरण म्हटलेलं नाही. दुर्बीण म्हटलं. एकदा आत बघून घ्यायचं. वीस मिनिटांचं काम."

"घशातून नळी घालून."

"झोपवून घालतात, डॅड. कळतही नाही."

ऑगीनं काट्यावरचा माशाचा तुकडा वर धरला. "यालाही कोणीतरी हेच सांगितलं असणार. गळ लागताना कळतही नाही."

नॉर्ब इतका हसला की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून हसू लागली. मग त्यानं डोळे पुसले आणि गिरणीत नव्या पोराला विचारावं तसं विचारलं, "बरं. एक सांग. ज्यांचं अस्तर का काय ते बदलतं, त्यांच्यातल्या कितीजणांना कॅन्सर होतो?"

लोर्ना क्षणभर थांबली. ती थांबली हे दोघांनाही दिसलं.

"वर्षाला तीनशेत एक. कदाचित त्याहून कमी."

"तीनशेत एक!" नॉर्बनं टेबलावर थाप मारली. "ऑगी, अस्वलाच्या शिकारीच्या परवान्याची सोडत याहून लवकर लागते!"

"मला अजून लागली नाही," ऑगी म्हणाला. "नऊ वर्षं अर्ज करतोय."

आकडा खरा होता. दुसरा कुठलाही आकडा सांगणं तिला सुचलंच नव्हतं. पण घरी जाताना गाडीत तिच्या मनात आलं की तळघरात आपल्याकडे तीनशेतला तो एकच येतो. उरलेले दोनशे नव्व्याण्णव वरच्या वर व्हिनेगर पिऊन जगतात, आणि त्यांची फाईल नसते. बाप स्वतःला त्या दोनशे नव्व्याण्णवांत मोजत होता. त्यानं दुसरीकडे कुठे मोजावं, असं सांगायला तिच्याकडे भीतीखेरीज काय होतं?

ती मागे लागली. फोनवर, चर्चमध्ये, त्याच्या वाढदिवसाला. शेवटी तो म्हणाला, "एक फॉर्म भरतो. एकच. हॉस्पिटलानं बोलावलं तर जाईन. नाही बोलावलं तर तू ईस्टरपर्यंत तोंड बंद ठेवायचं. कबूल?"

"कबूल."

फॉर्म त्यांनी लोर्नाच्या स्वयंपाकघरात भरला. वय सहासष्ट. वजन. सिगारेट: पूर्वी. घरात कोणाला कॅन्सर: वडील. तिला वाटलं, आता कोण नाही म्हणणार? मग तो प्रश्न आला. 'गेल्या तीन महिन्यांत छातीत जळजळ: नाही. कधीकधी. आठवड्यातून दोनदा किंवा जास्त.' तीन चौकटी. आधी होती आणि आता थांबली, याला चौकट नव्हती.

नॉर्बनं 'नाही'वर पेन टेकवलं.

"डॅड, थांब. तिसरी कर."

"का?"

"कारण या उत्तरावर ते बोलावतात. पहिल्यावर नाही बोलावत."

"पण मला होत नाहीये."

"बावीस वर्षं होत होती!"

"त्यांनी बावीस वर्षं विचारलेली नाहीत. तीन महिने विचारलेत." त्यानं पेन उचललं आणि तिच्याकडे बघितलं. "तू मला खोटं लिहायला सांगतेस? तू? कॅन्सरच्या वहीतही असंच भरतेस का, मनाला येईल ते?"

तिला वेनची गोष्ट माहीत होती. गिरणीतल्या प्रत्येकाला माहीत होती. मशीनची दर दोन तासांनी पाहणी करून वहीत नोंद करायची असे. वेन नावाच्या एका कामगारानं एके दिवशी कागद दाबणाऱ्या रुळांवरच्या जाळीचे बोल्ट न बघताच 'तपासले' असं लिहिलं, आणि नॉर्बनं त्याच्या शब्दावर खाली सही केली. दोन तासांनी ती जाळी सुटली आणि तिसऱ्याच एका माणसाचा हात कोपरापर्यंत रुळांत गेला. त्यानंतरच्या सत्तावीस वर्षांत नॉर्बनं स्वतः पाहिलं नाही असं काहीही लिहिलं नाही. नव्या पोरांना तो पहिल्या दिवशी तेवढंच शिकवायचा. पाहिलं नाही ते लिहायचं नाही.

त्यानं 'नाही'वर खूण केली. आठवड्यानं उत्तर आलं: सध्याच्या लक्षणांवरून तपासणीची आवश्यकता दिसत नाही, काही त्रास झाल्यास संपर्क साधावा.

"तुझ्याच हॉस्पिटलचा कागद," तो फोनवर म्हणाला. आवाजात विजय मावत नव्हता. "आता ईस्टरपर्यंत शांतता."

ती शांत राहिली नाही. हॉस्पिटलच्या वेबसाइटवरचं त्याचं खातं तीच सांभाळायची, कारण नॉर्ब संगणकाला हात लावत नसे. मार्चमधल्या एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, तिनं तिथे तोच फॉर्म उघडला. नव्यानं सगळं भरलं. वय, वजन, वडील, सगळं खरं. मग तिसऱ्या चौकटीवर खूण केली. आणि फॉर्म पाठवून दिला. अठरा वर्षांत तिनं एक तारीखसुद्धा अंदाजानं भरली नव्हती.

चार दिवसांत तारीख मिळाली. सव्वीस मार्च, सकाळी साडेनऊ. बापाला काय सांगायचं याची तिनं तयारी केली: डॉक्टरांनी तुझा कागद पुन्हा बघितला, त्यांनाच वाटलं बोलवावं. एवढं खोटं पुरेल असं तिला वाटलं. रविवारी जेवायला बोलावून सांगायचं तिनं ठरवलं. पण शुक्रवारीच तपासणी विभागातल्या केल्सी नावाच्या मुलीनं नियमाप्रमाणे नॉर्बला फोन केला. रक्त पातळ करायची गोळी घेता का, आदल्या रात्रीपासून खायचं नाही, आणि हो, जळजळ हल्ली रोज होते की एक दिवसाआड?

"कोणाला जळजळ होते?" नॉर्बनं विचारलं.

तासाभरात त्याची गाडी लोर्नाच्या दारात होती. बाहेर अजून बर्फ होता, आणि बूट काढल्याशिवाय तो कोणाच्याही घरात पाऊल टाकत नसे. त्या दिवशी तो बूट घालूनच पायपुसण्यावर उभा राहिला. म्हणजे त्याला आत यायचं नव्हतं.

"माझ्या नावानं खोटं लिहिलंस."

"हो."

"नाही म्हणशील असं वाटलं होतं."

"डॅड, तारीख मिळालीये. झालं ते झालं. वीस मिनिटं जा, काही निघालं नाही तर आयुष्यभर मला शिव्या दे."

"ती पोरगी मला विचारते, मग हे कोणी लिहिलं? काय सांगू? माझ्या पोरीनं? जिच्या नोंदींवर अख्खं राज्य विश्वास ठेवतं तिनं?"

"सांग. मी नाही घाबरत."

"मी घाबरतो," तो म्हणाला. "वेनलाही वाटलं होतं, एवढ्यानं कोणाचं काय बिघडतंय." मग तो दाराच्या मुठीकडे बघत म्हणाला, "शुक्रवारी येऊ नकोस. जेवताना मला कोणी मोजलेलं आवडत नाही."

तपासणी रद्द झाली. खात्यावरून त्यानं तिचं नाव काढायला लावलं. हॉस्पिटलनं लोर्नाला बोलावून समज दिली. नोंदी ठेवणाऱ्या बाईनं खोटी नोंद करावी यावर साहेब पाच मिनिटं बोलले आणि तिनं मान हलवली. दुर्बिणीची तपासणी करणाऱ्या डॉ. लिंडक्विस्टना तिनं एकदा जिन्यात गाठलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जळजळ थांबली असेल तर उलट बघायलाच हवं. घेऊन या त्यांना, मी समजावतो." म्हणजे खोटं बोलायची गरजच नव्हती. जिन्यात आधी गाठलं असतं तर खऱ्यावरच भागलं असतं. पण आता घेऊन येणार कोण? ती फोन करायची, तो उचलायचा नाही. त्याची फाईल उघडून बघायला तिला मनाई होती. घरच्या माणसाची फाईल उघडणाऱ्याची नोकरी दुसऱ्या दिवशी जाते. ईस्टर गेला. एप्रिल, मे गेले. दर शुक्रवारी संध्याकाळी ती घरी सूप पीत बसायची.

जूनच्या एका रविवारी ऑगीचा फोन आला. मागे बँडचा आवाज होता. चर्चची सहल होती.

"लोर्ना, घाबरू नकोस. तुझ्या बापाच्या घशात सॉसेज अडकलंय."

"श्वास घेतोय का?"

"घेतोय. बोलतोयसुद्धा. पण गिळता येत नाहीये. दोन तास झाले. थुंकीही परत येते. शेडमागे उभा आहे, बादली घेऊन. ॲम्ब्युलन्स नको म्हणतो. तुला फोन करू नको म्हणाला, म्हणून केला."

तिनं त्याला गाडीत घातलं. वाटेत तो कागदी रुमालात थुंकत राहिला. इमर्जन्सीत त्याला आत नेल्यावर ती आणि ऑगी बाहेर बसले. ऑगी टोपी हातात फिरवत होता.

"हे पहिल्यांदाच का, ऑगी अंकल?"

"अडकलं पहिल्यांदाच." टोपी अर्धी फिरली. "पण ईस्टरपासून तो प्रत्येक घासाला पाणी पितो गं. ब्रेड तर सोडलाच. मला वाटलं, नव्या दातांमुळे. तोही तेच म्हणाला."

"अडीच महिने! आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"तुम्ही दोघं बोलत कुठे होतात? बापलेकीच्या मध्ये मी कुठे पडू?"

खिडकीजवळच्या त्या टेबलावर लोर्ना असती तर तिला पहिल्याच शुक्रवारी दिसलं असतं. तिनं पाण्याचे पेले मोजले असते. तेच तर त्याला नको होतं, आणि ते नको होण्याचं कारण तिनंच दिलं होतं.

डॉ. लिंडक्विस्टनी दुर्बिणीनं सॉसेज काढलं आणि त्याच्याखाली काय होतं तेही पाहिलं. अन्ननलिकेचं खालचं टोक, जठराला मिळतं तिथे. दहा दिवसांत बाकीचं कळलं. तांबड्या रेघेचीच जात. यकृतावर चार ठिपके. शस्त्रक्रियेचा प्रश्न उरला नव्हता.

"मार्चमध्ये काय दिसलं असतं?" लोर्नानं विचारलं.

"मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "खरंच माहीत नाही."

त्यांनी खोटा दिलासा दिला नाही म्हणून तिला एरवी बरं वाटलं असतं.

नॉर्बची नोंद तिनं केली नाही. नियमाप्रमाणे ती दुसऱ्या गावच्या बाईकडे गेली. त्या बाईनं सगळं बिनचूक भरलं असणार. जागा, जात, तारीख, सिगारेट: पूर्वी. जळजळीबद्दल तिलाही कोणी विचारलं नसणार.

उन्हाळाभर दर दुसऱ्या मंगळवारी लोर्ना त्याला केमोला नेऊ लागली. एक तास जायला, एक यायला. नॉर्बनं माफी मागितली नाही, तिनंही मागितली नाही. त्याची शेहेचाळीसची पँट आता पट्ट्यानं आवळून बांधावी लागे. ऑगस्टमध्ये एकदा मक्याच्या शेतांमधून जाताना तो अचानक म्हणाला, "केल्सीचा फोन येणार हे तुला माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

"अठरा वर्षं त्याच इमारतीत आहेस."

"मी तळघरात असते, डॅड."

"मला आधी सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

त्यानं विचार केला. "नाहीच म्हटलं असतं."

"मग?"

"मग काय! खोटं बोलायचं तर पुरतं बोलावं. अर्धवट काम गिरणीतही चालत नव्हतं." तो बाहेर बघत राहिला. "त्या पोरीला आधीच गाठायचं, म्हणायचं, माझा बाप विसरभोळा आहे, लाजतो, सगळं नाही म्हणतो. इतकं तरी सुचायला हवं होतं. शिकलेली ना तू."

तिनं गाडी बाजूला घेतली आणि थांबवली. तिला हसू येत होतं की रडू, तिलाच कळेना.

"हसू नको," तो म्हणाला. "उशीर होतोय."

नोव्हेंबरात केमो थांबवली. त्याचा पलंग पुढच्या खोलीत, खिडकीपाशी आणला. पोटातल्या नळीतून दुधासारखं अन्न सोडायचं, दिवसातून पाच वेळा. लोर्नानं रजा घेतली आणि तिथेच राहायला आली. एके दिवशी सकाळी त्यानं तिच्याकडे तो फॉर्म मागितला.

"कसला फॉर्म?"

"तीन चौकटींचा. कोरा. छापून आण."

हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी दुपारी ऑगी आला. नारिंगी टोपी, नारिंगी जॅकेट, गाडीत बंदूक आणि नऊ दिवसांचं सामान. कपडे उत्तरेकडच्या शिकारीच्या झोपडीचे, चेहरा मात्र आजाऱ्याला भेटायला आल्याचा. तो खुर्चीच्या कडेला टेकला.

"बरा दिसतोस," तो नॉर्बला म्हणाला.

"तू आंधळा झालास. अस्वल दिसलं तरी कळणार नाही तुला."

"यंदा पण सोडत लागली नाही."

दोघं थोडं हसले. मग नॉर्बनं उशीखालून कागद काढला. "हे भर. इथंच. माझ्यासमोर."

ऑगीनं चष्मा लावून वाचलं. वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला, मग त्यानं तो मुद्दाम हसरा केला. "पण नॉर्ब, मला जळजळ नाहीये रे. दीड वर्ष झालं. तुझ्यामुळेच तर गेली. एक गोळी नाही. माझी बायको रोज तुझं नाव घेते."

"म्हणूनच भर."

"लोर्ना, हा काय म्हणतोय?"

"तो बरोबर म्हणतोय," लोर्ना म्हणाली. "डॉक्टर लिंडक्विस्टना थेट सांगितलंत तरी चालेल, ऑगी अंकल. मी वेळ घेऊन देते. सोमवारची. मीच नेते."

"सोमवारी मी जंगलात असणार." ऑगीनं कागद गुडघ्यावर ठेवला. "आणि ते तीनशेत एक का काय होतं ना? तूच म्हणाली होतीस. एक तर इथंच झाला." आपण काय बोललो हे त्याच्या उशिरा ध्यानात आलं. "म्हणजे, नॉर्ब, मला तसं म्हणायचं नव्हतं."

"दे इकडे," नॉर्ब म्हणाला. त्यानं पेन मागितलं. खूण चौकटीच्या बाहेर गेली, तरी ती तिसऱ्याच चौकटीवर होती. आठवड्यातून दोनदा किंवा जास्त. "खाली सही कर."

ऑगी त्या खुणेकडे बघत राहिला. "पण हे खरं नाहीये, नॉर्ब."

"माहितीये."

"तूच तर पोरांना सांगायचास, की पाहिलं नाही—"

"सही कर, गाढवा!"

एवढ्यानंच त्याला धाप लागली. लोर्नानं उशी वर केली. ऑगी उठून उभा राहिला, टोपी डोक्यावर घालून पुन्हा काढली. मग त्यानं कागदाची घडी केली आणि जॅकेटच्या आतल्या खिशात, शिकारीच्या परवान्याशेजारी ठेवली. "करतो," तो म्हणाला. "मोसम संपू दे. नऊ दिवस तर आहेत. आलो की पहिलं काम हेच. देवाशपथ." त्यानं नॉर्बच्या पायावर, पांघरुणावरून, दोनदा थोपटलं आणि गेला.

गाडी वळून रस्त्याला लागेपर्यंत दोघं खिडकीतून बघत होते.

मोसम संपला की थँक्सगिव्हिंगच्या गडबडीचं उरलंसुरलं असतं, मग ख्रिसमस, मग गोठलेल्या तळ्यावरची मासेमारी, हे लोर्नाला माहीत होतं. त्या एकोणीस फायलींत हेही लिहिलेलं असायचं. 'रुग्णाने तपासणी पुढे ढकलली.' त्यालाही रकाना नव्हता.

"जाईल का तो?" नॉर्बनं विचारलं.

"जाईल," लोर्ना म्हणाली. लगेच म्हणाली, मध्ये न थांबता.

नॉर्बनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"आता जमायला लागलं तुला," तो म्हणाला, आणि पलंगाची पाठ खाली कर म्हणून त्यानं हातानंच खूण केली.